गुदद्वाराजवळचा प्रत्येक मोड मूळव्याध नसतो



आंब्याच्या मोहोरावर काही वेगळे दिसले की आपण आधी फांदी जवळ ओढून पाहतो. मोहोर हलविताच बारीक किडे उडाले आणि खालची पाने चिकट लागली तर तुडतुडे. पांढरी पूड शिंपडल्यासारखी दिसली तर भुरी. एकाला कीटकनाशक लागते, दुसऱ्याला बुरशीनाशक. हे कुणकेश्वर-देवगड पट्ट्यातील बागायतदाराला नव्याने सांगण्याची गरज नाही. ओळख चुकली तर औषध वाया जाते, मजुरी वाया जाते आणि मोहोरही हातचा जातो.

हाच नियम आपण स्वतःच्या शरीराला मात्र लावीत नाही. शौचाच्या जागी हाताला लहानसा मोड, गाठ किंवा लोंबणारी कातडी लागली की बहुतेक जण स्वतःच ठरवून टाकतात, "मूळव्याध झाली." मग कोणी झाडपाला लावतो, कोणी दुकानातून मलम आणतो, कोणी जाहिरात वाचून "एका दिवसात मुळासकट" काढणाऱ्याकडे जातो. बहुतेक जण तर काहीच करीत नाहीत. आधी मोहोराच्या फवारण्या, मग महाशिवरात्रीची यात्रा, मग आंब्याची काढणी आणि पेट्या, पुढे भाताची लावणी. वर्ष असेच निघून जाते आणि दुखणे अंगावर राहते.

कृषिविद्येच्या शिक्षकाने हा विषय का घ्यावा, असे काहींना वाटेल. शेतकरी मेळाव्यात भात, नाचणी, आंबा, काजू यांवर चारचौघांत प्रश्न विचारले जातात. या दुखण्याविषयी मात्र कार्यक्रम संपल्यावर बाजूला घेऊन, आवाज खाली करून विचारले जाते. म्हणून वैद्यकशास्त्राने मान्य केलेली माहिती येथे सोप्या भाषेत देत आहे. हा लेख डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही. तपासणीला केव्हा जावे आणि तेथे काय सांगावे, हे कळण्यासाठी तो आहे.

नावाचा घोटाळा जुनाच

आपण मूळव्याध म्हणतो त्याला आयुर्वेदात अर्श म्हणतात. सुश्रुतसंहितेत अर्शाच्या निदानाच्या अध्यायातच कातडीवर खिळ्यासारख्या येणाऱ्या वाढीचा, म्हणजे चर्मकीलाचा उल्लेख आहे. आपला "चामखीळ" हा शब्द त्यावरूनच आला. म्हणजे मोड आणि चामखीळ एकमेकांना जवळचे वाटतात, पण वेगळे आहेत, हे फार पूर्वीच नोंदले गेले आहे. त्याच ग्रंथात अर्शावर औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार उपाय सांगितले आहेत. कोणत्या मोडाला कोणता उपाय हे ठरविणे वैद्याचे काम मानले आहे. सरसकट एकच उपाय तेव्हाही नव्हता.

कोणती वाढ कशी ओळखावी?

1) कातडीची लोंब : गुदद्वाराच्या काठावर मऊ, कातडीच्याच रंगाची, चिमटीत धरता येणारी लहान घडी असते. ती दुखत नाही आणि तिच्यातून रक्त येत नाही. पूर्वी सुजलेला मोड बसल्यावर, बाळंतपणानंतर किंवा जुनी चीर असल्यास अशी कातडी मागे राहते. तिच्यापासून धोका नाही. स्वच्छता ठेवणे कठीण जात असेल किंवा सतत खाज येत असेल, तरच ती काढावी लागते. हे काम शल्यचिकित्सक जागा बधिर करून करतात.

2) आतील मूळव्याध : गुदमार्गाच्या आतील रक्तवाहिन्यांच्या गाद्या फुगून खाली सरकतात. शौचाच्या शेवटी लालभडक रक्त थेंब थेंब पडते, पण दुखत नाही. सुरुवातीला मोड बाहेर दिसत नाही. पुढे कुंथल्यावर बाहेर येऊन आपोआप आत जातो, त्यानंतर बोटाने आत ढकलावा लागतो आणि शेवटी तो बाहेरच राहतो. या चार पायऱ्यांवरून डॉक्टर उपचार ठरवितात. पहिल्या पायऱ्यांवर आहार, पाणी आणि औषधे पुरतात. त्यापुढे मोडाच्या मुळाशी लहान रबरी कडे बसविण्याचा उपाय आहे. त्याला भूल लागत नाही व त्याच दिवशी घरी जाता येते. सर्वांनाच शस्त्रक्रिया लागते हा समज चुकीचा आहे.

3) बाहेरील मोडात गोठलेले रक्त : एखाद्या दिवशी अचानक, बहुधा जोर लावल्यानंतर, निळसर-जांभळी, घट्ट व अतिशय दुखरी गाठ येते. बसणे अशक्य होते. पहिले दोन दिवस वेदना सर्वांत जास्त असतात. तीन दिवसांच्या आत डॉक्टरांकडे गेल्यास छोटा छेद घेऊन गाठ काढता येते व लगेच आराम पडतो. उशीर झाला असल्यास बहुधा कापावे लागत नाही. कोमट पाण्यात बसणे आणि वेदनाशामक औषध यांनी गाठ हळूहळू विरते. ही गाठ घरी सुईने फोडू नये.

4) चीर (फिशर) आणि तिच्याजवळचा मोड : शौचाच्या वेळी काचेने कापल्यासारखी वेदना होते व नंतरही बराच वेळ आग होत राहते. रक्त थोडे असते. चीर जुनी झाली की तिच्या बाहेरच्या टोकाला, बहुतेक वेळा मागच्या बाजूस, कातडीचा एक मोड तयार होतो. लोक त्यालाच मूळव्याध समजतात व तो काढून घेतात. मोड जातो, पण चीर तशीच राहते आणि वेदनाही राहते. येथे उपचार चिरेवर करावयाचा असतो. शौच मऊ राखणे, कोमट पाण्याची बैठक आणि गुदद्वाराचा स्नायू सैल करणारे डॉक्टरांनी दिलेले मलम एवढ्याने बऱ्याच ताज्या चिरा सहा ते आठ आठवड्यांत भरतात.

5) विषाणूजन्य चामखीळ : प्रथम टाचणीच्या डोक्याएवढे, खरखरीत, एकापेक्षा अधिक उंचवटे येतात. पुढे ते वाढून एकत्र झाले म्हणजे फुलकोबीच्या लहान गड्ड्यासारखे दिसतात. वेदना नसते, पण खाज किंवा ओलसरपणा असतो. याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

6) चपटे, ओलसर उंचवटे : रुंद बुडाचे, करडे-पांढरट, न दुखणारे चट्टे असतील आणि त्याचबरोबर अंगावर किंवा तळहात-तळपायांवर पुरळ असेल, तर ते उपदंशाचे (गरमीचे) लक्षण असू शकते. हे चामखिळीसारखे दिसते, पण कारण जंतू आहे आणि औषध पेनिसिलीन आहे. रक्ताच्या साध्या तपासणीने निदान होते. वेळीच उपचार घेतल्यास रोग पूर्ण बरा होतो. जाळून किंवा कापून मात्र तो जात नाही.

7) भगंदर : गुदद्वाराच्या बाजूला फोडासारखे तोंड असते, त्यातून अधूनमधून पू येतो, ते बुजते आणि पुन्हा फुटते. हा मोड नसून आतून बाहेर आलेली नळी असते. मलमाने ती भरत नाही.

8) कर्करोग : कडक, वेडीवाकडी, कातडीला चिकटलेली गाठ किंवा न भरणारी जखम असते. प्रारंभी ती अगदी साध्या मोडासारखी दिसू शकते. हा रोग वरील इतर विकारांपेक्षा खूपच कमी आढळतो. पण लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता चांगली असते आणि उशीर झाला तर तीच हातची जाते.

विषाणूजन्य चामखीळ : कारण व उपचार

ही चामखीळ ह्यूमन पॅपिलोमा विषाणूमुळे येते. या विषाणूचे 200 हून अधिक प्रकार आहेत. जननेंद्रिये व गुदद्वार यांच्याभोवतीच्या सुमारे 90 टक्के चामखिळी 6 आणि 11 या दोन प्रकारांमुळे होतात. कर्करोगाशी मुख्यतः 16 व 18 हे वेगळे प्रकार जोडलेले आहेत. या विषाणूचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी संबंध दाखविल्याबद्दल जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांना 2008 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

विषाणू मुख्यतः शरीरसंबंधातून, कातडीच्या कातडीशी संपर्काने पसरतो. गुदद्वाराजवळ चामखीळ आली म्हणजे त्या जागी संबंध आलाच असेल असे नाही. शेजारच्या कातडीवरूनही विषाणू तेथे पोचतो. संसर्ग झाल्यापासून चामखीळ दिसेपर्यंत काही आठवडे, कित्येक महिने किंवा त्याहूनही अधिक काळ जाऊ शकतो. त्यामुळे चामखीळ दिसली म्हणून नवरा-बायकोने एकमेकांवर संशय घेऊ नये. दोघांनीही तपासून घ्यावे. लहान मुलास अशी चामखीळ दिसल्यास त्याला रागावू नये व घरी उपाय करू नये. कारण साधेही असू शकते, पण मुलावर कोणी अत्याचार तर केला नाही ना, हेही डॉक्टरांना पाहावे लागते.

गुरांच्या अंगावरही चामखिळी येतात. त्यांचा विषाणू वेगळा आहे. गोठ्यातील कामामुळे माणसाला हा विकार होत नाही.

उपचाराचे प्रकार असे आहेत : डॉक्टरांनी लिहून दिलेले मलम, आम्लाचा नेमका ठिपका, अतिथंड द्रवाने गोठविणे, विजेच्या सुईने जाळणे किंवा कापून काढणे. यांतील कोणताही उपाय आजूबाजूच्या कातडीत लपलेला विषाणू पूर्ण काढू शकत नाही. म्हणून चामखीळ पुन्हा उगवू शकते व एकापेक्षा अधिक वेळा जावे लागते. शेतातील लव्हाळा एका खुरपणीत जात नाही, तसेच हे आहे. उपचार फसला असे समजून मध्येच सोडू नये. गुदमार्गाच्या आत चामखिळी आहेत काय, हेही पाहून घेणे आवश्यक असते, नाहीतर बाहेरच्या गेल्या तरी आतल्या राहतात. अशा रुग्णाने उपदंश व एच.आय.व्ही. यांची तपासणीही करून घ्यावी.

या विषाणूविरुद्ध लस उपलब्ध आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या "सर्व्हावॅक" या लसीला 2022 साली परवाना मिळाला. ती 6, 11, 16 व 18 या चारही प्रकारांविरुद्ध आहे आणि 9 ते 26 वर्षे वयाच्या मुली व मुलगे दोघांनाही देता येते. 9 ते 14 वर्षांपर्यंत दोन मात्रा व त्यापुढे तीन मात्रा लागतात. आधी आलेली चामखीळ मात्र लसीने जात नाही. बियाण्याला बीजप्रक्रिया पेरणीपूर्वीच करावी लागते, तशी ही लसही आधीच द्यावी लागते.

झाडपाला म्हणजे निर्धोक नव्हे

वनस्पतींशी आपला रोजचा संबंध असल्याने या मुद्द्याकडे विशेष लक्ष द्यावे.

काजूच्या टरफलातील तेल कातडीला लागले की काय होते, हे सिंधुदुर्गातील काजू फोडणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. बोटांची कातडी जळून निघते. म्हणूनच हाताला राख किंवा तेल लावून काम केले जाते. हेच टरफलाचे तेल, बिब्बा, शेराचा चीक किंवा चुना चामखिळीवर लावण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. हाताच्या जाड कातडीवर जे सोसते ते गुदद्वाराच्या पातळ कातडीवर सोसत नाही. खोल जखम होते, ती भरताना कातडी आकसते आणि गुदद्वार अरुंद होते. मग शौचाचा त्रास जन्मभराचा होतो. घोड्याचा केस किंवा दोरा बांधून मोड पाडणे, ब्लेडने कापणे हेही तितकेच धोक्याचे आहे. मोडात रक्तवाहिन्या असतात. रक्त थांबत नाही आणि जंतुसंसर्ग होतो.

वनस्पतीपासून उत्तम औषध तयार होत नाही असे मात्र नाही. चामखिळीवरील पॉडोफायलीन हे औषध हिमालयातील वनककडीसारख्या वनस्पतींच्या मुळांपासून मिळते. 1942 पासून ते आधुनिक वैद्यकात वापरले जाते. पण ते जहाल आहे. जास्त प्रमाणात लावल्यास अंगात भिनते, आणि गरोदर स्त्रीला ते मुळीच वापरता येत नाही.

दुसरे उदाहरण भगंदरावरील क्षारसूत्राचे. निवडुंगाच्या जातीतील स्नुहीचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे लेप चढवून हा धागा तयार करतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने अनेक केंद्रांवर शस्त्रक्रियेशी त्याची तुलना केली. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार क्षारसूत्राने जखम भरण्यास सुमारे 8 आठवडे लागले आणि शस्त्रक्रियेने 4. पण भगंदर पुन्हा होण्याचे प्रमाण क्षारसूत्रात 4 टक्के आणि शस्त्रक्रियेत 11 टक्के होते. चीक, क्षार आणि हळद आपल्या बांधावरही आहेत. फरक मात्रेचा, ते कोणाच्या हातात आहेत त्याचा आणि रोगाच्या अचूक ओळखीचा आहे. हा उपचार मान्यताप्राप्त पदवी असलेल्या आयुर्वेद शल्यचिकित्सकाकडूनच घ्यावा.

तपासणीला घाबरू नये

लाजेपोटीच उशीर होतो, म्हणून तपासणीत काय करतात ते स्पष्ट सांगतो. रुग्णाला डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवितात. डॉक्टर बाहेरून पाहतात, हातमोजा घालून वंगण लावलेल्या बोटाने आत तपासतात आणि गरज असल्यास लहान नळीतून पाहतात. काही मिनिटांचे काम असते. फिशरचे दुखणे फार असेल तर तसे आधी सांगावे, म्हणजे आतील तपासणी पुढे ढकलता येते. स्त्री रुग्णांनी महिला डॉक्टर किंवा सोबत परिचारिका असावी, असे निःसंकोच सांगावे.

डॉक्टरांना पुढील गोष्टी सांगाव्यात : मोड केव्हापासून आहे, दुखतो का, रक्त लाल आहे की काळसर, थेंबाने पडते की शौचात मिसळलेले असते, शौचाच्या सवयीत बदल झाला का, वजन घटले का, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झाला होता का आणि आतापर्यंत काय काय लावले.

प्रथम आपल्या भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा देवगडच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवावे. शल्यचिकित्सकाची गरज भासल्यास कणकवलीचे उपजिल्हा रुग्णालय किंवा ओरोसचे जिल्हा रुग्णालय आहे. शस्त्रक्रिया सांगितल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ती बसते काय, हे संबंधित रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे विचारावे.

हंगाम संपेपर्यंत थांबू नये अशी लक्षणे

1) शौचात मिसळलेले रक्त, शेम किंवा डांबरासारखे काळे शौच. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, म्हणून गोळ्या चालू असल्यास सांगावे.)
2) कडक, वाढत जाणारी गाठ किंवा न भरणारी जखम.
3) काही आठवडे टिकलेला बद्धकोष्ठ अथवा जुलाब, किंवा शौच होऊनही पोट साफ न झाल्याची भावना.
4) कारण नसताना वजन घटणे, थकवा, चढावर धाप लागणे. थोडे थोडे रक्त रोज गेल्याने अंगातील रक्त कमी होते, हे लक्षात येत नाही.
5) ताप, पू व ठणका.
6) चाळिशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला रक्तस्राव. मोड दिसत असला तरी रक्त त्यातूनच येते असे गृहीत धरू नये. मोड आणि कर्करोग एकाच माणसाला असू शकतात. आतड्याची दुर्बिणीतून तपासणी सुचविल्यास ती टाळू नये.

प्रतिबंध आपल्या शेतातच

मूळव्याध व फिशर यांचे मोठे कारण म्हणजे कडक शौच आणि कुंथणे. आंबा, मासे "उष्ण" म्हणून मोड येतात असा समज आहे. पण काढणीच्या दिवसांत आपण काय करतो ते पाहावे. पहाटे बागेत जातो, उन्हात घाम गाळतो, पाणी कमी पितो, दोन्ही वेळ भात आणि कढीवर भागवितो आणि शौचाची भावना झाली तरी पेट्या भरून होईपर्यंत थांबतो. दोष आंब्याला देऊन उपयोग नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 सालच्या तक्त्यांनुसार 100 ग्रॅम सडलेल्या तांदळात तंतुमय पदार्थ 3 ग्रॅमपेक्षाही कमी, तर तेवढ्याच नाचणीत सुमारे 11 ग्रॅम असतात. प्रौढ माणसाला दिवसाला 25 ते 30 ग्रॅम तंतुमय पदार्थ मिळावेत असा सल्ला दिला जातो. कोकणात नाचणीचे क्षेत्र कमी होत गेले आणि ताटातील भाकरीही मागे पडली. वरकस जमिनीत "दापोली-1" सारखी नाचणीची जात घरापुरती जरी लावली, तरी तो घरच्यांच्या आरोग्याचा साठा आहे. सोबत कुळीथ, चवळी, मूग, पालेभाज्या, पेरू व केळी यांचा वापर वाढवावा. तंतुमय आहार हळूहळू वाढवावा व त्याबरोबर पाणी भरपूर प्यावे. पाण्याशिवाय इसबगोलही उलट त्रास देतो.

याशिवाय :
* शौचाची भावना झाली की टाळू नये आणि तीन-चार मिनिटांपेक्षा जास्त बसू नये. मोबाईल बाहेर ठेवावा.
* कुंथू नये. जागा पाण्याने धुवून टिपून कोरडी करावी, घासू नये.
* दुखत असल्यास टबात कोमट पाणी घेऊन दिवसातून दोन-तीन वेळा 10 ते 15 मिनिटे बसावे.
* फवारणीनंतर साबणाने हात धुतल्याशिवाय लघवी-शौचास जाऊ नये. त्या भागातील, विशेषतः वृषणाची, कातडी हाताच्या कातडीपेक्षा कीटकनाशक कितीतरी जास्त शोषते. भिजलेली चड्डी लगेच बदलावी.

थोडक्यात, मोड दुखत नाही आणि रक्त येत नाही म्हणून तो साधाच असेल असे नाही. तसेच तो दुखतो म्हणून गंभीर असेल असेही नाही. कोणता मोड कशाचा आहे, हे तपासल्यावरच कळते. आधी ओळख, मग औषध हा बागेतला नियम येथेही पाळावा. घरातील वडीलधाऱ्यांनी व स्त्रियांनी लाजेपोटी लपविलेले दुखणे त्यांना आपणहून विचारावे आणि यंदाची काढणी सुरू होण्यापूर्वीच त्यांना तपासणीस न्यावे. आंब्याच्या पेट्या एक दिवस थांबू शकतात, वाढणारी गाठ थांबत नाही.